लग्नाच्या दिवशीचा फोटोग्राफर : मराठी विधी आणि कॅमेऱ्याची जागा

आपल्या वडोदऱ्यात लग्नाचे फोटो काढणारे बहुतेक व्यावसायिक गुजराती आहेत. काम चांगले करतात, सामान अद्ययावत असते, वेळेवर येतात. पण त्यांच्या वर्षभराच्या कामात मराठी लग्ने थोडीच. कोणत्या वेळी कुठे उभे राहायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते ते गुजराती लग्नाच्या क्रमाने : जानेचे स्वागत, पोंखणे, हस्तमेळाप, चार मंगळफेरे, कन्याविदाय. आपला क्रम वेगळा, वेळा वेगळ्या आणि गर्दी होण्याच्या जागाही वेगळ्या. अल्बम हातात आल्यावर ‘अरे, हे कसे राहिले?’ असे जे वाटते, त्यातले पुष्कळसे इथून सुरू होते.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. फोटोग्राफीचे शिक्षण नाही. पण घरातली दोन लग्ने आणि नात्यातली बरीच, यांत ‘फोटोवाल्याशी तुम्हीच बोला’ हे काम माझ्या गळ्यात पडले. त्यातून जमलेली माहिती येत्या मोसमात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठी एकत्र देत आहे.

रोलच्या काळातले काम

आमच्या लग्नाच्या वेळी फोटोग्राफर एकटा येई. गळ्यात दोन भिंगांचा यशिका, त्यात १२० चा रोल, आणि एका रोलमध्ये चौकोनी फोटो बाराच. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचा असतो, त्यामुळे फोटो काढताना माणूस मान खाली घालून उभा दिसे. पुढे ३५ मिलिमीटरचा रोल आला आणि एका रोलचे ३६ फोटो झाले. तरी संपूर्ण लग्नाला तीन-चार रोल म्हणजे चैन. प्रत्येक फोटोला पैसे पडत, म्हणून फोटोग्राफर यजमानांना आधी विचारून घेई : कोणते विधी हवेत, कोणाकोणाचे फोटो हवेत. यादी आपोआप तयार होत असे.

नंतर व्हिडिओ आला. व्हीएचएस कॅमेऱ्याबरोबर एक मुलगा हॅलोजनचा दिवा घेऊन फिरे आणि त्याची वायर मांडवभर. त्या उजेडात डोळे मिटलेली आमची सगळी वडीलधारी मंडळी आजही कॅसेटमध्ये आहेत.

डिजिटल आल्यावर फोटोची संख्या मोजायचे कारण उरले नाही. आता दोन फोटोग्राफर, दोन व्हिडिओवाले, एक ड्रोनवाला आणि लाइट धरणारी मुले अशी पाच-सात जणांची टोळी येते. फोटो दोन-अडीच हजार निघतात. आधी विचारून घेण्याची पद्धत मात्र त्याबरोबर गेली.

अंतरपट

मराठी लग्नातला सर्वांत अवघड फोटो अंतरपट दूर होतानाचा. अंतरपट गुजराती लग्नातही असतो. पण तिथे सगळा मांडव अक्षता मुठीत धरून त्या एका क्षणाची वाट बघत उभा नसतो. तिथला मुख्य भार हस्तमेळाप आणि फेऱ्यांवर, आणि फेरे सावकाश चालतात. एक फेरा हुकला तर पुढचा मिळतो. आपल्याकडे पत्रिकेत १२ वाजून २४ मिनिटे लिहिले असेल तर गुरुजी घड्याळाकडे बघत मंगलाष्टके लांबवतात किंवा आवरतात, आणि पडदा बाजूला झाल्यावर जे घडते ते तीन-चार सेकंदांत संपते.

त्या तीन-चार सेकंदांत काय काय असते पाहा. वधूवर एकमेकांकडे बघतात. चारी बाजूंनी अक्षता पडतात. मागे उभ्या असलेल्या मामाचा चेहरा असतो, करवलीच्या हातातला कलश असतो. वाजंत्री सुरू होते. लगेच हार घातले जातात आणि लोक पुढे सरकतात. यानंतर कोणालाही कुठेही उभे राहायला जागा नसते.

ज्यांनी मराठी लग्ने केली आहेत ते फोटोग्राफर अशा जागा घेतात. मुख्य कॅमेरा अंतरपटाच्या अगदी रेषेत, एका कडेला. म्हणजे पडद्याची फक्त कड दिसते आणि दोघांचे चेहरे दोन बाजूंना मिळतात. दुसरा वराच्या खांद्यामागून वधूच्या चेहऱ्यावर. पडदा सरकताच वधूने वर पाहिले, तो फोटो फक्त इथूनच येतो. तिसरा असला तर मागे स्टुलावर किंवा गॅलरीत, अक्षतांसकट सगळा मांडव दिसेल असा. नवख्या माणसाची चूक ठरलेली : तो समोर मधोमध उभा राहतो. तिथून त्याला अंतरपट धरणाऱ्यांच्या पाठी मिळतात, आणि पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांना त्याची पाठ.

त्याला ‘१२.२४ ला तयार राहा’ एवढे सांगून भागत नाही. खूण सांगावी लागते. मंगलाष्टकांच्या दर कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ येते आणि दर वेळी अक्षता पडतात; नवा माणूस पहिल्यालाच फसतो. शेवटी गुरुजी ‘तदेव लग्नं’ हा श्लोक म्हणू लागले की आता पडदा निघणार. हा श्लोक यूट्यूबवर ऐकवून ठेवावा. माझ्या मुलाच्या लग्नात मी तो फोटोग्राफरच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपने पाठवला होता. त्याने दोनदा ऐकला, म्हणाला, ‘काका, हवे ओळखाई जशे,’ आणि खरोखर ओळखला.

अक्षतांचे दाणे हवेत थांबलेले दिसायला हवे असतील तर शटर वेगवान लागते, सेकंदाचा अडीचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ. शटर मंद राहिले तर दाण्यांच्या पांढऱ्या रेघा येतात. काहींना त्या आवडतात. मला चेहऱ्यावर ओरखडे पडल्यासारखे वाटतात. दुसरी अडचण मांडवाच्या कापडाची. आपली लग्ने भर दुपारी, आणि पार्टी प्लॉटवर वर लाल किंवा केशरी कापड ताणलेले असले तर त्यातून गाळून आलेले ऊन सगळ्यांना लालबुंद करते. वधूची पिवळी अष्टपुत्री त्यात नारिंगी दिसते. सजावटवाल्याला छत पांढरे किंवा फिकट ठेवायला सांगणे हा याचा साधा उपाय. त्याच्याशी बोलताना फोटोग्राफरला बरोबर घ्यावे. मंचामागे एलईडी पडदा लावणार असाल तर तेही आधी कळवावे. काही वेगांना त्या पडद्यावर आडवे पट्टे उमटतात.

जे विधी हमखास हुकतात

गौरीहर. वर मांडवाच्या दाराशी येतो, बँड वाजत असतो, सगळे कॅमेरे तिकडे धावतात. नेमक्या त्याच वेळी वधू आतल्या खोलीत गौरीहरापुढे एकटी बसलेली असते : अष्टपुत्री, मुंडावळ्या, पुढे अन्नपूर्णा, समईचा उजेड. दिवसभरात ती एकटी असण्याची ही शेवटची वेळ. माझ्या मते अल्बममधला सर्वांत सुंदर फोटो इथला असतो, आणि दहांतल्या सात अल्बममध्ये तो नसतो. गुजराती फोटोग्राफरला ती आत बसली आहे हेच ठाऊक नसते. दुसऱ्या माणसाला वरात सोडून तिथे थांबायला सांगावे, आणि फ्लॅश न वापरता समईच्या उजेडात काढायला सांगावे.

कानपिळी. लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्याच सुमारास वराचा कान पिळतो. दोन सेकंदांचे काम. फोटोग्राफर होमाच्या धुरातून ओंजळीवर फोकस लावून बसलेला असतो. इथे भावालाच सांगून ठेवावे की जरा दमाने पिळ.

कन्यादानात वडिलांची ओंजळ आणि आईने झारीतून सोडलेली पाण्याची धार, खाली कांस्याचे भांडे. सगळे हातांचा जवळचा फोटो घेतात, तो छानच येतो. पण एक कॅमेरा आईच्या चेहऱ्यासमोर असावा. बहुतेक फोटोंत वडील दिसतात आणि आईचे फक्त मनगट.

सप्तपदीत गोंधळ होतो तो आकड्याचा. चार फेऱ्यांची सवय असलेला माणूस अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणा झाल्या की मुख्य काम संपले असे समजून बॅटरी बदलायला जातो. तांदळाच्या सात राशी मांडल्या जातात त्या त्याला सजावट वाटतात. राशींच्या शेवटच्या टोकाला खाली बसून, दोघे आपल्याकडे चालत येत आहेत असा फोटो घ्यायचा, हे चित्र काढून दाखवले तर उत्तम.

सूनमुखात सासू सुनेचा चेहरा आरशात पाहते. आरशासमोर उभे राहून फ्लॅश मारला तर फोटोत फ्लॅश आणि फोटोग्राफर दोघेही येतात. तिरके उभे राहावे, सुनेच्या खांद्यामागून. आरशात तिचा चेहरा आणि बाहेर सासूचा, असे दोन्ही मिळतात. झाल, म्हणजे वेळूच्या परडीत दिवे लावून ती वराकडच्यांच्या डोक्यावर क्रमाने ठेवतात तो विधी, शेवटाकडे येतो. तेव्हा निम्मी टोळी जेवायला गेलेली असते. त्यांच्या जेवणाची वेळ आपणच ठरवून द्यावी; उपाशी ठेवू नये, आणि झालीच्या वेळी पानावर बसवू नये.

उखाणा फोटोत ऐकू येत नाही. त्यासाठी व्हिडिओवाल्याकडचा कॉलरला लावायचा छोटा माइक मागून घ्यावा.

घरी गृहप्रवेशाला फोटोग्राफर सुनेच्या आधी आत गेलेला हवा, आणि उंबऱ्यापाशी जमिनीलगत बसलेला. मुलाच्या नव्हे, धाकट्या भावाच्या मुलाच्या लग्नात तो सुनेच्या मागे राहिला. माप लवंडून झाल्यावर आत आला आणि म्हणाला, परत करा. तांदूळ गोळा करून माप भरले, सुनेने परत पायाने लवंडले. अँगल बरोबर आला नाही म्हणून तिसऱ्यांदा. तेव्हा माझी काकू आतून म्हणाली, ‘लक्ष्मी किती वेळा आत येणार? एकदा आली ती पुरे.’ तो बिचारा मराठी समजत नव्हता, पण थांबला.

विधी पुन्हा करायला लावणे हा मुद्दा घराघरांत वादाचा आहे. माझे मत सांगतो. हार पुन्हा घाला, पेढा पुन्हा भरवा, नमस्कार पुन्हा करा. काही बिघडत नाही. मंगळसूत्र, सप्तपदी आणि माप एकदाच. आणि गुरुजींना मंत्राच्या मधे थांबवायचे नाही. हे आदल्या दिवशी टोळीच्या प्रमुखाला नीट सांगितले की तो मानतो. ऐन वेळी मांडवात सांगितले की भांडण होते.

कामाच्या पद्धती

बोलताना तीन शब्द कानावर येतात. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे माणसे ओळीत उभी करून, ‘अहीं जुओ’ म्हणून काढलेले. ‘कँडिड’ म्हणजे न सांगता टिपलेले. ‘सिनेमॅटिक’ म्हणजे गिंबलवर कॅमेरा घेऊन भोवती फिरत केलेला व्हिडिओ, पुढे त्याची तीन-चार मिनिटांची हायलाइट होते. तरुण मंडळींना कँडिड हवे असते आणि ओळीतले फोटो जुनाट वाटतात. दोन्ही घ्यावेत. तीस वर्षांनी ‘हे कोण गं?’ असे विचारले जाते ते ओळीतल्या फोटोवर बोट ठेवून; कँडिडमध्ये निम्मी माणसे कडेला कापलेली असतात. कँडिडवाल्याला लांब भिंग वापरायला सांगावे, म्हणजे तो लांबून काम करतो. गिंबलवाला मात्र जवळ आल्याशिवाय काम करू शकत नाही, म्हणून विधी चालू असताना त्याने मांडवाच्या एकाच बाजूला राहावे असे ठरवून घ्यावे.

होमाजवळ बूट घालून कोणी येऊ नये, हेही बोलून ठेवावे. कोणी मुद्दाम करत नाही. डोळा कॅमेऱ्याला लावला की पायांकडे लक्ष राहत नाही.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला २०१२ मध्ये निधन होईपर्यंत आपल्या वडोदऱ्यात राहत होत्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९७० मध्ये त्यांनी काम थांबवले, आणि त्याचे एक कारण त्या उघडपणे सांगत : नव्या छायाचित्रकारांचे वागणे. त्यांच्या पिढीत कपड्यांचे, अंतर राखण्याचे, एकमेकांना जागा देण्याचे नियम पाळले जात. त्यांचे क्षेत्र लग्नाचे नव्हते, पण मांडवात तीन कॅमेरे एकमेकांना ढकलताना पाहिले की मला त्यांची आठवण होते.

माणसांची यादी

माझ्या मुलीचे लग्न २०१७ च्या मे महिन्यात झाले. माझी आई तेव्हा ८६ वर्षांची होती. ऊन भयंकर, तरी नऊवारी नेसून सकाळी आठपासून पहिल्या रांगेत कूलरसमोर बसली होती. दोन वर्षांनी ती गेली. फोटो फ्रेम करायचा म्हणून आम्ही लग्नाची डिस्क उघडली. शेवटचे नीट सजून बसलेली ती त्याच दिवशी होती. २,३४० फोटो होते. मी आणि धाकटा भाऊ दोन रात्री बसलो. आई तीन फोटोंत सापडली. एकात तिच्यापुढून व्हिडिओवाला जात होता, एकात ती पाठमोरी, आणि एकात मंचावरच्या घोळक्यात ती खुर्ची शोधत होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवरच्या, वराकडच्या एका दागिन्यांनी मढलेल्या बाईंचे २६ फोटो होते.

त्या फोटोग्राफरवर मी खूप चिडलो होतो. फोनही केला. तो म्हणाला, ‘साहेब, मला कोणी सांगितलेच नाही त्या कोण होत्या.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बँकेत मी साध्या सही न केलेल्या व्हाउचरवर पैसे दिले नसते, आणि इथे हजारो रुपये देऊन एक नाव सांगितले नव्हते. फ्रेममध्ये आता आहे तो भाच्याने मोबाइलवर काढलेला फोटो, थोडा धूसर.

मुलाच्या लग्नात मी एका कागदावर १४ नावे लिहिली. नाते, कुठे बसतील, साडीचा किंवा फेट्याचा रंग. वर लिहिले : यांचा प्रत्येकी एक फोटो एकट्याचा, एक वधूवरांबरोबर. ८० च्या पुढची माणसे आधी, मुहूर्ताच्या अर्धा तास अगोदर, कारण जेवण झाले की ती थकतात आणि घरी जायची घाई करतात. टोळीबरोबर दिवसभर राहायला एक भाचा दिला, जो ‘या आत्या, हे मोठे काका’ असे दाखवील. तो भाचा घरचा, सगळ्यांना ओळखणारा आणि स्वतः फोटोत फारसा नको असलेला असावा. वराकडच्यांकडूनही अशीच यादी मागून घ्यावी. त्यांच्या आजीही तिथेच कुठेतरी बसलेल्या असतात.

कागदावर काय असावे

ठरावात तारीख, कामाचे तास, किती माणसे येणार, कोण मुख्य (नाव पाहून ठरवावे, दुकान एकाचे आणि येतो दुसराच, असे होते), फोटो किती दिवसांत, करिझ्मा अल्बमची पाने किती, वाढीव पानाचा दर, आणि रक्कम किती हप्त्यांत हे असावे. शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर. दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद होणारा कॅमेरा आहे का, हे जरूर विचारावे. आमच्या डबल एंट्रीसारखेच आहे, एक बिघडले तर दुसरे असते.

हक्काबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सांगणारा असतो. म्हणजे आपण. म्हणून छापील फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात ‘फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे’ असे असेल तर ते वाचून, पटत नसल्यास खोडून दोघांनी सही करावी. घरातल्या मुलींचे फोटो न विचारता कोणाच्या इन्स्टाग्रामवर गेले की मग धावाधाव होते.

ड्रोन हवा असेल तर जागा आधी पाहावी. आपला विमानतळ हरणीला, शहराला लागूनच आहे, आणि विमानतळाच्या आसपासच्या क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. केंद्राच्या ड्रोन नियम, २०२१ नुसार कोणता भाग कोणत्या झोनमध्ये येतो ते डिजिटल स्कायच्या नकाशावर दिसते. ड्रोनवाल्याने ‘कंई नथी थतुं’ म्हटले तरी नकाशा पाहावा. शिवाय मंगलाष्टके चालू असताना डोक्यावर त्याची घरघर चालते ती वेगळीच.

अल्बमला उशीर होतो त्याला बहुधा आपणच जबाबदार असतो. फोटोग्राफर सगळे फोटो देतो आणि त्यातले दीडशे-दोनशे निवडून द्या म्हणतो. आमच्या घरी या निवडीला सात महिने लागले. सूनबाईंची एक यादी, सौ.ची एक, विहीणबाईंची एक. शेवटी प्रत्येकीला ५० फोटोंचा कोटा ठरवून दिला तेव्हा काम झाले.

मूळ फोटो हार्ड डिस्कवर घ्यावेत, त्याची दुसरी प्रत करून ती दुसऱ्या घरी ठेवावी. पेनड्राइव्हवर विसंबू नये. स्टुडिओ वर्ष-दोन वर्षांनंतर जुना डेटा पुसून टाकतात, तो त्यांचा दोष नाही. आमची एक प्रत मुलीकडे पुण्याला असते, एक माझ्या कपाटात. दर दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर काढून संगणकाला लावून पाहतो, उघडते की नाही. या वर्षी उघडली.